चाळिशीनंतरची पिस्तूल नेमबाजी: नेमासाठीचा चष्मा कसा ठरवावा

वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागू लागले की चाळिशी लागली, हे कुणीही सांगतो. पिस्तूल नेमबाजाला खरा त्रास सुरू होतो तो त्यानंतर काही वर्षांनी, पन्नाशीच्या आसपास. टार्गेटचा काळा गोल स्वच्छ दिसतो, पण फ्रंट साइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या पट्टीच्या, कडा पुसट होतात. दहा-वीस गोळ्यांपर्यंत डोळा कसाबसा साथ देतो आणि मग मागच्या, म्हणजे रिअर साइटच्या खाचेत फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फटी करड्या होत जातात. अशा वेळी बहुतेक जण आपला वाचायचा चष्मा लावून पाहतात, त्याने काम भागत नाही म्हणून प्रोग्रेसिव्ह काच लावून मान वरखाली करत बसतात, आणि शेवटी वय झाले असे म्हणून हात टेकतात. वास्तविक यातल्या बहुतेकांचा प्रश्न अर्ध्या-पाऊण नंबरात सुटण्यासारखा असतो. मात्र त्यासाठी चष्म्याच्या दुकानात ‘मला स्वच्छ दिसेल असा चष्मा द्या’ असे सांगून चालत नाही. कोणत्या अंतरावर स्वच्छ दिसायला हवे, हे आपणच मोजून सांगावे लागते.

डोळ्यात काय बदलते

तरुणपणी डोळ्यातले नेत्रभिंग लवचिक असते आणि ते फुगवून डोळा जवळच्या वस्तूवर फोकस करतो. वयाबरोबर हे भिंग ताठर होत जाते आणि साठीच्या सुमारास ही शक्ती जवळजवळ संपते. फोकसची ही ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात, आणि चष्म्याचा नंबर म्हणजेच डायऑप्टर. हिशेब सोपा आहे: एक भागिले मीटरमधले अंतर. एक मीटरवरची वस्तू पाहायला एक डायऑप्टर लागतो, चाळीस सेंटीमीटरवरचे पुस्तक वाचायला अडीच लागतात. फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण नव्वद सेंटीमीटरवर असते, म्हणजे तिला सुमारे १.१ डायऑप्टर लागतो. पुस्तकापेक्षा ही गरज निम्म्याहून कमी आहे, म्हणूनच वाचायचा चष्मा लागल्यानंतरही काही वर्षे साइट दिसत राहते. परंतु क्षणभर दिसणे निराळे आणि सव्वा तासाच्या सामन्यात साठ गोळ्यांपर्यंत तो फोकस टिकवणे निराळे. उरलेल्या ताकदीपैकी साधारण निम्मी ताकदच डोळा त्रासाशिवाय दीर्घकाळ वापरू शकतो, असा चष्मातज्ज्ञांचा जुना ठोकताळा आहे.

यात आणखी एक भर पडते. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली लहान होते आणि नेत्रभिंग किंचित पिवळसर होते, त्यामुळे आत जाणारा प्रकाश कमी होतो. लहान बाहुलीमुळे फोकसची खोली थोडी वाढते, हा फायदा. पण मंद प्रकाशाच्या रेंजवर वयस्क नेमबाजाला जे जड जाते, त्याचे कारण पुष्कळदा नंबर नसून प्रकाश असतो.

टार्गेट नव्हे, साइट

चष्म्याकडे वळण्याआधी स्वच्छ काय दिसायला हवे हे पक्के केले पाहिजे. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर काळ्या गोलाचा व्यास ५९.५ मिलिमीटर, दहाच्या वर्तुळाचा ११.५ मिलिमीटर आणि एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर आठ मिलिमीटर असते. समजा पिस्तुलाच्या दोन साइटांमधील अंतर ३२० मिलिमीटर आहे. हात जसाच्या तसा सरळ एक मिलिमीटर बाजूला सरकला, तर गोळीही टार्गेटवर एकच मिलिमीटर सरकते. पण मनगट किंचित वळून फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर गोळी एकतीस मिलिमीटर सरकते, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. नेमबाजीचे प्रशिक्षक ‘साइट बघ, टार्गेट नको’ असे जे कानीकपाळी ओरडत असतात, त्यामागे हे गणित आहे. शिवाय पुसट झालेल्या काळ्या गोलाचा मध्य डोळा बऱ्यापैकी अचूक काढतो, कारण गोल चारही बाजूंनी सारखाच पुसट होतो. पुसट झालेल्या साइटच्या दोन फटी मात्र सारख्या आहेत की नाहीत हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून नेमाच्या चष्म्याकडून अपेक्षा अशी ठेवावी की फ्रंट साइटच्या कडा धारदार दिसाव्यात आणि काळा गोल मऊ, पण गोल म्हणून ओळखू येईल असा दिसावा. दोन्ही एकदम स्वच्छ दिसतील अशी काच मिळत नाही, आणि तशी काच आहे असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

पहिली पायरी: अंतर मोजणे

मोजमाप रेंजवर, आपल्या नेहमीच्या उभ्या स्थितीत घ्यावे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याचे दाखवणारी रंगीत पट्टी) लावून आणि रेंज अधिकाऱ्याची परवानगी घेऊन नेम धरावा, आणि सोबत्याने डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून फ्रंट साइटपर्यंत दोरी धरावी. टेप डोळ्याजवळ नेण्यापेक्षा दोरी बरी. तिला गाठ मारावी आणि मग ती जमिनीवर पसरून मोजावी. तीन वेळा हात खाली आणून पुन्हा उचलावा आणि तिन्ही मापांची सरासरी धरावी, कारण पहिल्या वेळी आपल्याला कोणी मोजत आहे म्हणून हात नको तितका ताणला जातो.

एका हाताने एअर पिस्तूल धरणाऱ्याचे हे अंतर बहुधा पंच्याऐंशी सेंटीमीटर ते एक मीटरच्या दरम्यान येते. दोन हातांनी आखूड नळीचे पिस्तूल धरणाऱ्याचे ते सत्तर-पंच्याहत्तर सेंटीमीटरपर्यंत खाली येते, आणि एवढ्या फरकाने नंबर पाव डायऑप्टरने बदलू शकतो. तेव्हा दोन प्रकारांसाठी एकच काच वापरायची असल्यास दोन्ही अंतरे लिहून ठेवावीत.

पिस्तूल घेऊन दवाखान्यात किंवा चष्म्याच्या दुकानात जाण्याचा विचारही करू नये. मोजलेली दोरी आणि पुठ्ठ्यावर काळ्या शाईने रेखलेली, साइटच्याच मापाची पट्टी एवढे साहित्य पुरते.

दुसरी पायरी: डोळ्यांची नीट तपासणी

लांबचा नंबर अचूक असल्याशिवाय पुढचा सगळा हिशेब व्यर्थ जातो. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर विसंबू नये. तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावी, म्हणजे नंबराबरोबर मोतीबिंदू, काचबिंदू आणि दृष्टिपटल यांचीही पाहणी होते; साइट पुसट दिसण्याचे कारण चाळिशी नसून सुरुवातीचा मोतीबिंदू असेल, तर कितीही काचा बदलल्या तरी गुण वाढत नाहीत. मधुमेह असणाऱ्यांनी साखर आटोक्यात असताना नंबर काढावा, कारण साखरेच्या चढउताराबरोबर नंबरही हलतो. तपासणीची वेळ शक्यतो आपल्या सरावाच्या वेळेच्या जवळची असावी. दिवसभर संगणकासमोर बसून संध्याकाळी सराव करणाऱ्याचा डोळा सकाळी वेगळा वागतो.

सिलिंडर नंबर, म्हणजे दृष्टिवैषम्य, याकडे विशेष लक्ष द्यायला सांगावे. रोजच्या वापरात अर्ध्या नंबराचा सिलिंडर चष्म्यातून गाळला तरी फारसे बिघडत नाही. साइटचे चित्र मात्र उभ्या-आडव्या सरळ कडांचे बनलेले असते, आणि सिलिंडर नंबर राहून गेला की वरची कड धारदार आणि बाजूच्या कडा दुहेरी, किंवा याच्या उलट, असे काहीतरी दिसू लागते. हे लक्षण ओळखून ठेवावे. साइटच्या सर्व कडा सारख्याच पुसट असतील तर गोल नंबर, म्हणजे सिलिंडर सोडून असलेला मुख्य नंबर, चुकलेला असतो. एका दिशेच्याच कडा पुसट असतील तर सिलिंडर किंवा त्याचा अक्ष, म्हणजे तो बसवण्याचा कोन, चुकलेला असतो.

तिसरी पायरी: किती नंबर वाढवायचा

आता मुख्य हिशेब. फ्रंट साइट नव्वद सेंटीमीटरवर असेल तर तिला १.१ डायऑप्टर लागतो, दहा मीटरवरच्या टार्गेटला ०.१. या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे ०.६ वर फोकस ठेवला, तर दोन्हींच्या वाट्याला सारखाच धूसरपणा येतो. पण आपल्याला सारखी वाटणी नको आहे, साइटला झुकते माप हवे आहे. म्हणून एका हाताच्या पिस्तुलासाठी लांबच्या नंबरात +०.५० ते +०.७५ ची भर हा सुरुवातीचा आकडा मानावा. पन्नाशीच्या अलीकडच्या आणि थोडी फोकसशक्ती शिल्लक असलेल्या नेमबाजाला +०.५० पुरतो, साठीनंतर बहुधा +०.७५ लागतो, आणि जवळ धरलेल्या दोनहाती पिस्तुलासाठी तो +१.०० पर्यंत जाऊ शकतो.

या पाव-पाव नंबराने प्रत्यक्षात काय होते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. फोकसशक्ती पूर्ण संपलेला डोळा आणि तीन मिलिमीटरची बाहुली धरू. वस्तूच्या कडेवर किती रुंद धूसर पट्टा येतो, हे काढण्यासाठी बाहुलीचा मिलिमीटरमधला व्यास, फोकसची डायऑप्टरमधली चूक आणि वस्तूचे मीटरमधले अंतर यांचा गुणाकार करायचा. निव्वळ लांबच्या नंबराने पाहिले, तर साडेचार मिलिमीटर रुंदीच्या फ्रंट साइटच्या कडेवर सुमारे तीन मिलिमीटरचा धूसर पट्टा येतो. म्हणजे साइट जवळपास विरघळलीच. +०.५० ची भर घातली की हा पट्टा दीड मिलिमीटरच्या किंचित वर राहतो आणि टार्गेटच्या कडेवर बारा मिलिमीटरचा पट्टा येतो. +०.७५ ला साइटवर एक मिलिमीटर, टार्गेटवर वीस. +१.०० ला साइट लखलखीत, जेमतेम ०.३ मिलिमीटर, पण टार्गेटवर सत्तावीस मिलिमीटर, म्हणजे काळ्या गोलाच्या जवळजवळ निम्म्या व्यासाएवढा. आणि +२.५० चा वाचायचा चष्मा? त्याने टार्गेटवर बहात्तर मिलिमीटरचा पट्टा येतो, जो खुद्द काळ्या गोलापेक्षाही मोठा आहे, आणि साइटही पावणेचार मिलिमीटरने पुसट होते, कारण त्या चष्म्याचा फोकस चाळीस सेंटीमीटरवर, साइटच्या पुष्कळ अलीकडे पडतो. वाचायच्या चष्म्याने कोणाचेच भले होत नाही ते यामुळे.

भर घालताना चिन्हाची चूक होऊ देऊ नये. लांबचा नंबर शून्य असेल तर +०.७५ ची काच लागते. तो +१.५० असेल तर +२.२५ लागते. तो −२.०० असेल तर −१.२५ लागते, म्हणजे उणे नंबर कमी होतो. सिलिंडर आणि त्याचा अक्ष जसाच्या तसा राहतो. बदलतो तो फक्त गोल नंबर. हे मी इतके बजावून लिहितो आहे, कारण माझ्या पहिल्याच काचेच्या वेळी दुकानदाराने −२.०० मध्ये पाऊण मिळवण्याऐवजी वजा केला आणि −२.७५ ची काच हातात ठेवली. मी दोन आठवडे स्वतःच्या ट्रिगर दाबण्यात खोट शोधत बसलो. तेव्हापासून चिठ्ठीवर ‘पाऊण वाढवा’ असे न लिहिता अंतिम नंबरच लिहून घेतो.

चौथी पायरी: रेंजवरची परीक्षा

हिशेबाने आलेला आकडा हा फक्त सुरुवातीचा आकडा असतो. डोळ्याच्या दवाखान्यातली खोली अंधारी, बाहुली मोठी आणि पाहायचे ते अक्षर स्थिर. रेंजवर प्रकाश वेगळा, हात हलता आणि श्वास रोखलेला. त्यामुळे अंतिम काच बनवण्याआधी रेंजवर चाचणी घेतलीच पाहिजे. चष्मातज्ज्ञाकडे चाचणीची चौकट आणि सुट्या काचांची पेटी असते. ती रेंजवर नेण्याइतका उत्साही तज्ज्ञ मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास +०.२५, +०.५०, +०.७५ आणि +१.०० अशा चार स्वस्त सुट्या काचा करून घ्याव्यात आणि लांबच्या नंबराच्या चष्म्यासमोर चिकटपट्टीने एकेक लावून पाहाव्यात. चाचणीपुरते हे चालते, मात्र गोळी झाडताना संरक्षक चष्मा डोळ्यांवर असलाच पाहिजे.

चाचणीचा क्रम असा ठेवावा. आधी गोळी न भरता, पांढऱ्या कोऱ्या कागदावर नेम धरावा आणि फक्त साइटकडे पाहावे. सर्वांत कमी भरेपासून सुरू करून पाव-पाव वाढवत जावे, आणि साइटच्या वरच्या दोन कोपऱ्यांकडे लक्ष ठेवावे. कड सरळ दिसू लागणे ही पहिली खूण. कोपरे टोकदार दिसू लागणे ही दुसरी आणि अधिक भरवशाची. कोपरे टोकदार झाले की आणखी पाव नंबर वाढवून पाहावा, आणि त्याने काही फरक पडला नाही तर आधीच्या काचेवर परत यावे. जी सर्वांत कमी भर साइटला धार देते, तीच घ्यावी. त्यावरचा प्रत्येक पाव नंबर टार्गेटकडून फुकट घेतलेले कर्ज असते.

त्यानंतर कोऱ्या कागदाच्या जागी टार्गेट लावावे. काळा गोल मऊ दिसेल, तो तसाच दिसायला हवा. त्याची खालची कड आणि साइटची वरची कड यांच्यामधली पांढरी फट ओळखू येते का, एवढेच पाहावे. येत नसेल तर नंबर लगेच कमी करू नये. आधी नेमाची जागा खाली आणून ती फट रुंद करून पाहावी आणि त्याप्रमाणे साइट जुळवण्याच्या स्क्रूची क्लिक फिरवावी. मोठी फट धरणारे नेमबाज पुसट गोलाशीही निभावून नेतात, आणि गोलाला साइट टेकवून धरण्याची सवय असलेल्यांनाच पाव नंबर जड जातो. फ्रंट साइटची रुंदी बदलता येत असेल, तर किंचित अरुंद साइट किंवा रुंद खाच लावून बाजूच्या फटी मोठ्या करणे हाही एक उपाय आहे. पुष्कळांना काच बदलण्यापेक्षा त्याचाच अधिक उपयोग होतो.

शेवटची परीक्षा थकव्याची. निवडलेल्या काचेने चाळीसएक गोळ्या सलग झाडाव्यात आणि मग साइटचे कोपरे पुन्हा पाहावेत. सुरुवातीला ठीक वाटलेला +०.५० शेवटच्या मालिकेत कोपरे गोल करू लागला, तर +०.७५ च खरा. आणि डोळे कोरडे पडल्याने चित्र पुसट होत असेल तर दोन-तीन वेळा पूर्ण पापणी मिटल्यावर ते लगेच साफ होते. नंबराच्या चुकीने आलेला धूसरपणा पापण्या मिटून जात नाही. साइटकडे टक लावताना आपण पापणी लवायची विसरतो, त्यामुळे हा फरक ओळखणे महत्त्वाचे.

पाचवी पायरी: फ्रेम

नेहमीच्या चष्म्यात काच चेहऱ्याच्या समोर बसवलेली असते, तर पिस्तूल नेमबाज शरीराची बाजू टार्गेटकडे करून उभा राहतो आणि मान टार्गेटकडे वळवतो. त्यामुळे नजर काचेच्या मध्यातून न जाता एका कडेकडून आणि तिरकी जाते, आणि तिरक्या काचेतून पाहिल्यावर नसलेला सिलिंडर नंबर निर्माण होतो. नंबर शून्याच्या जवळ असेल तर हे चालून जाते. दोन-तीन नंबरांपुढे मात्र नेमबाजीची खास फ्रेम घेणे योग्य ठरते. या फ्रेममध्ये एक गोल काच दांडीवर बसवलेली असते, ती मागेपुढे, वरखाली, आडवी हलवता आणि फिरवता येते, आणि नाकावरची पट्टीही जुळवता येते. नोब्लॉख आणि चॅम्पियन ही त्यातली जुनी, नेमबाजांच्या परिचयाची नावे आहेत. काचेच्या व्यासाची मापे ठरलेली असतात, उदाहरणार्थ २३ किंवा ३७ मिलिमीटर. माझे मत ३७ च्या बाजूने आहे. छोटी काच हलकी असते खरी, पण डोके जरा हलले की तिची कड नजरेत येते.

काच बसवताना आरशासमोर बसून जमत नाही. नेमाच्या स्थितीत उभे राहावे, डोळे मिटावेत, हात उचलावा, डोळे उघडावेत आणि नजर काचेच्या मध्यातून जाते का ते सोबत्याने समोरून पाहावे. काच नजरेच्या रेषेला काटकोनात असावी. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह काचा येथे वर्ज्य समजाव्यात, कारण त्यांतला हवा तो भाग नजरेसमोर आणण्यासाठी मान उचलावी लागते आणि मानेबरोबर खांद्याचा तोलही बदलतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना काटकोनाचा प्रश्न येत नाही. पण सिलिंडर नंबराची लेन्स डोळ्यात फिरली की अक्ष चुकतो, शिवाय कोरडेपणा वाढतो.

नियमाची एक बाब येथेच सांगतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांनुसार नंबराची काच पिस्तुलाला जोडता येत नाही. ती नेमबाजाने स्वतः घालायची असते. न नेमणाऱ्या डोळ्यासमोरचे ढापण ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावे. स्पर्धेला जाण्यापूर्वी चालू आवृत्तीतली मापे आणि उपकरण तपासणी पाहून घ्यावी.

दुसरा डोळा, आयरिस आणि रंगीत काचा

न नेमणारा डोळा मिटू नये. एक डोळा मिटून राहण्यासाठी चेहऱ्याचे स्नायू ताणलेले राहतात, आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकमेकींच्या साथीने हलत असल्याने एका डोळ्यासमोर अंधार झाला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते. बाहुली मोठी झाली की वरच्या गुणाकारातले प्रत्येक माप वाढते. म्हणून ढापण काळे नसावे, दुधी असावे; प्रकाश आत यावा, पण चित्र दिसू नये. चष्म्याच्या काचेवर चिकटवलेला दुधी चिकटपट्टीचा तुकडाही हे काम उत्तम करतो.

आयरिस म्हणजे काचेसमोर बसणारे, कमीजास्त करता येणारे छिद्र. बाहुली तीन मिलिमीटर असताना छिद्र दीड मिलिमीटर केले, तर साइट आणि टार्गेट दोन्हींचा धूसरपणा निम्मा होतो. हे वाचून कोणालाही मोह पडेल. पण छिद्राचा व्यास निम्मा केला की प्रकाश एक चतुर्थांश होतो, आणि वयस्क डोळ्याकडे प्रकाशाची मुळातच चणचण असते. एक मिलिमीटरच्या खाली गेले की प्रकाशाच्या विवर्तनाने कडा पुन्हा पुसट होऊ लागतात, आणि डोळ्यातल्या तरंगत्या जाळ्या ठळक दिसतात, ते वेगळेच. म्हणून आधी नंबर ठरवावा, नंतर आयरिस लावावा. चुकीच्या नंबरावर आयरिस लावला की सकाळच्या उजेडात सारे ठीक दिसते आणि ढग आले की सगळे बिघडते.

रंगीत काचांविषयी थोडक्यात: पिवळ्या काचेने ढगाळ उजेडात साइटचा उठाव वाढल्यासारखा वाटतो, करड्या काचेने उघड्या रेंजवरचे झगझगीत ऊन सुसह्य होते, आणि बंदिस्त रेंजवर बहुधा कशाचीच गरज नसते.

डोळ्यांचे संरक्षण

नेमबाजीच्या फ्रेमची एकुलती गोल काच डोळ्याचे पुरेसे संरक्षण करत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. बाजूने उडणारे शिशाचे कण आणि काडतुसाची तापलेली पुंगळी यांना ती अडवत नाही. काडतुसाच्या पिस्तुलासाठी बाजूचे आच्छादन असलेला पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्माच वापरावा आणि नंबर त्याच्या आत बसणाऱ्या जोडफ्रेममध्ये किंवा थेट त्या काचेत करून घ्यावा. पॉलिकार्बोनेट आघात सोसतो, मात्र त्याच्या कडेकडून पाहिल्यास रंगांची किंचित झालर दिसते; साध्या सीआर-३९ प्लॅस्टिकमध्ये ती कमी असते, पण आघातापुढे ते टिकत नाही. चित्र थोडे कमी सुरेख दिसले तरी चालेल, काच पॉलिकार्बोनेटचीच घ्यावी. खऱ्या काचेचे भिंग या कामी वापरू नये.

मोतीबिंदूनंतर

शस्त्रक्रियेत बसवलेले एकाच अंतराचे भिंग बहुधा लांबचे पाहण्यासाठी ठरवलेले असते आणि त्याला फोकस बदलता येत नाही. अशा डोळ्याला वरचाच हिशेब लागू पडतो, किंबहुना अधिक नेमका, कारण त्यात वयानुसार होणारा बदल उरत नाही. शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर आपण नेमबाज आहोत, कोणत्या डोळ्याने नेम धरतो आणि साइट किती अंतरावर असते, हे शल्यचिकित्सकाला आधीच सांगावे. अनेक अंतरांच्या भिंगांमध्ये प्रकाश विभागला जातो आणि काळ्या-पांढऱ्यातला उठाव कमी होतो, हेही त्यांच्याशी बोलून घ्यावे. डोळ्यासमोर अचानक चमका, पडदा किंवा सरळ रेषा वाकड्या दिसणे असे काही झाले, तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला गाठावे.

ज्या प्रकारांत लाल ठिपक्याची साइट चालते, त्यांच्यासाठी यातला बराच खटाटोप टळतो. ठिपका दूरवर असल्यासारखाच दिसत असल्याने लांबचाच नंबर पुरतो. ठिपका शेपटी फुटल्यासारखा किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसला, तर साइट परत करायला धावू नये; तो बहुधा आपलाच सिलिंडर नंबर असतो.

काच हातात आल्यावर

दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी काचेचा नंबर यंत्रावर मोजून दाखवायला सांगावा आणि चिठ्ठीशी ताडून पाहावा. सिलिंडर नंबर असेल तर गोल काचेच्या कडेवर, आडव्या रेषेच्या दोन्ही टोकांना, कायम शाईचे दोन बारीक ठिपके करून घ्यावेत. गोल काच पुसताना तिच्या चौकटीत फिरते, आणि एखादा सराव वाईट गेल्यावर आपण सगळे तपासतो, पण हे ठिपके आडवे आहेत का ते पाहायचे राहून जाते. फ्रेमचे सर्व भाग जुळवून झाल्यावर प्रत्येक स्क्रूजवळ तशीच खूण करावी, म्हणजे पेटीत हलून गेलेली फ्रेम पुन्हा जागेवर आणता येते.

सरावाच्या वहीत तारीख, लांबचा नंबर, भर, मोजलेले अंतर आणि त्या दिवशीचा प्रकाश लिहून ठेवावा. पिस्तूल, मूठ किंवा उभे राहण्याची पद्धत बदलली की दोरी पुन्हा काढावी. नवीन मुठीने हात दोन-तीन सेंटीमीटरने जरी पुढे-मागे झाला, तरी त्याने काच बदलावी लागत नाही, पण पाच-सात सेंटीमीटर फरक पडला तर चौथ्या पायरीची चाचणी पुन्हा करावी. नंबर वर्षातून एकदा तपासावा. बदललेली जुनी काच टाकून न देता तिच्या पाकिटावर नंबर लिहून पेटीत ठेवावी. सामन्याच्या सकाळी नवी काच खाली पडून चरा गेला, तर पाव नंबराने चुकलेली जुनी काच चरा गेलेल्या काचेपेक्षा पुष्कळ बरी असते.